त्रेसष्ट भुतं

माझ्या कामाला नावं ठेवणाऱ्या माणसाचं मी आधी शांतपणे ऐकून घेतो आणि मग त्याला जिन्याची वाट दाखवतो. हा नियम मी वीस वर्षं पाळला. यशश्री दाणीच्या बाबतीत तो मोडला, कारण ती जिन्याकडे वळेचना.

जबलपुरात गोहलपुरच्या रस्त्यावर, एका वेल्डिंगवाल्याच्या डोक्यावर, माझं वेबसाइटींचं काम चालतं. मी त्या जागेला ऑफिस म्हणतो, खालचा वेल्डिंगवाला दुकान म्हणतो आणि गिऱ्हाईकं त्याचंच खरं मानतात. सराफ्यातले दोन सोनार, पनागरचा एक मटारवाला आडत्या आणि एक दंतवैद्य यांच्या साइटी मी सांभाळतो. पण मिरवायची साइट एकच, आमच्या मराठी मंडळाची. मंडळाचा ‘धुवांधार’ नावाचा वार्षिक अंक १९५० पासून निघतो. २०११ साली मी त्याचे सगळे जुने अंक साइटवर चढवले. दोन टायपिस्ट बसवून लेखन् लेख टाइप करून घेतला. बाकी लेख साठवायची, मांडायची, शोधायची सगळी यंत्रणा मी एकट्यानं लिहिली, तीही फुकट. पानाच्या तळाशी ‘रचना : विनय तामसकर’ असं लिहिलेलं आहे. अक्षर बारीक आहे, पण मला ते लांबूनही दिसतं.

एक कबूल करतो. त्यातला एकही अंक मी वाचलेला नव्हता. मी साइट बनवत होतो, वाचायचं काम वाचकांचं.

कुणी विचारो न विचारो, मी सांगत असे की चौदा वर्षांत माझ्या साइटवरची एक नोंद हरवली नाही. काही हरवल्याची तक्रार आली ती एकच, आणि ती माझ्या वडिलांची, म्हणजे धरायची नाही. बाबा फॅक्टरीतून निवृत्त झाले होते आणि वेळ कुठे घालवावा हा प्रश्नच होता. साइट सुरू झाली आणि पंधरा दिवसांत त्यांचा घरून ऑफिसात फोन आला. आवाज इतका खाली आणलेला की मला वाटलं, घरात कुणी झोपलंय.

“विनू, त्यात सगळं नाही येऊन राहिलं.”

“काय नाही येऊन राहिलं?”

“ते जुनं. सत्याहत्तरचा अंक पाहा जरा.”

मी पाहिला. अंक झकास उघडत होता. अध्यक्षांचं मनोगत होतं, नाट्यस्पर्धेचा अहवाल होता, नर्मदेवर तीन कविता होत्या. “उघडते की, बाबा. तुम्ही रिफ्रेश करा.”

बाबांनी केलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन, पुन्हा तोच खालचा आवाज, पुन्हा माझं रिफ्रेश करा. असं सहा महिने चाललं. शेवटी मी वैतागून म्हणालो, “तुम्हाला कॉम्प्युटर जमत नाही, त्याला माझी साइट काय करणार?” त्यानंतर फोन आला नाही. बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. हा किस्सा मी चारचौघांत हसत हसत सांगायचो, साइटचं प्रशस्तिपत्र म्हणून.

यंदा मंडळाला पंच्याहत्तर वर्षं झाली आणि कुंदाकाकूंच्या मनात साइट नवी करायचं आलं. कुंदाकाकू दीक्षित म्हणजे आमच्या मंडळाच्या सचिव, निवृत्त मुख्याध्यापिका. त्या “बघू या” म्हणाल्या की समजायचं, त्यांचं बघून झालेलं आहे. त्यांनी माझ्याकडे यशश्रीला धाडलं. वय पंचवीस, पुण्याच्या कंपनीत नोकरी, काम जबलपुरात घरी बसून. तिला मराठी सगळं कळतं. बोलताना मात्र अर्ध्या वाटेवर तिची गाडी हिंदीच्या रुळावर जाते. दोन दिवस ती माझा कोड वाचत बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “भैया, बाकी सब ठीक आहे. पण ये जो डेटाबेस का लेयर है ना तुमचा, वो काढावा लागेल.”

इथे थोडं समजावून सांगतो, नाहीतर मी का भडकलो ते कळायचं नाही. साइटचं पान वेगळं आणि माहिती जिथे साठवलेली असते तो डेटाबेस वेगळा. दोघांच्या मध्ये एक थर असतो, त्याला आम्ही लेयर म्हणतो. सरकारी कचेरीत खिडकीवर बाबू असतो, तसा. पान म्हणतं, सत्याहत्तरचे लेख द्या. बाबू आत जातो, कपाटातून काढतो, आणून देतो. माझा बाबू मी हातानं घडवलेला होता. कोणत्या पानासाठी कोणत्या कपाटात जायचं, काय उचलायचं, काय तिथेच ठेवायचं, याचे एकशे बेचाळीस हुकूम मी एकेक करून लिहिले होते. यशश्रीला हवा होता तो बाबू बाजारात तयार मिळतो. त्याला ओआरएम म्हणतात. त्याला फक्त सांगायचं की लेख म्हणजे काय, लेखक म्हणजे काय आणि दोघांचं नातं काय. पुढचे हुकूम तो आपले आपण तयार करतो. मला विचाराल तर फुकटचा शहाणा.

“काहून काढायचा?” मी विचारलं. “चालून नाही राहिला?”

“चल तो रहा है. पण तुमच्याशिवाय कोणाला समजत नाही ना. एक नवीन रकाना टाकायला मला एकतीस जगह बदल करावा लागला. और कल को तुम नहीं रहे तो?”

“मी कुठे चाललो?”

“मतलब... बिझी झाले तर.”

“माझा बाबू तुझ्याच्या तिप्पट वेगानं पळते. मोजून पाहा.”

तिनं तिथल्या तिथे मोजलं आणि “हो भैया, तिप्पट,” असं सरळ कबूल केलं. याचा मला जास्त राग आला. भांडणात समोरचा एवढ्या पटकन खरं बोलायला लागला की आपल्याला पाय ठेवायला जागा राहत नाही.

प्रकरण कुंदाकाकूंकडे गेलं. त्या म्हणाल्या, दोन्ही लेयर एकाच माहितीवर आठवडाभर चालवा आणि रविवारी सभेत दाखवा, मग सगळे मिळून ठरवू. इथवर ठीक होतं. पण माझ्या अंगात आलं. मी म्हणालो, “दोघांच्या पानांत जिथे फरक पडेल, तिथे ज्याचं चुकलं त्याचा लेयर गेला. आणि माझा गेला तर तळाचं नावही काढा.” नावाचं कुणी मागितलं नव्हतं. मी आपणहून ठेवलं, कारण माझं चुकणारच नव्हतं.

घरी आईला सांगितलं. आई सत्तर वर्षांची आहे आणि तिची जीभ पंचविशीतली आहे. ओळखीच्या प्रत्येकाला तिनं एकेक नाव दिलेलं आहे. कुंदाकाकूंना ती कुकर म्हणते, कारण त्या तीनदा घसा खाकरल्याशिवाय तोंड उघडत नाहीत.

“मग कुकर काय म्हणते?” आईनं पोळी वाढताना विचारलं.

“रविवारी ठरवू म्हणते. पण यशश्रीचा लेयर टिकत नाही, पाहून घे.”

“टिकीन तर टिकीन. पोरगी खोटं बोलत नाही ना? मग तिचं ऐकून घ्यायचं.”

“तू साइट तरी पाहिली का कधी?”

“एकदा पाहिली. पुरे झाली,” ती म्हणाली आणि भाजी आणायला आत गेली.

हे मला दरवेळी खटकायचं. आई दिवसभर मोबाइल बघते, लोणच्याच्या बरण्यासुद्धा त्यावरून मागवते, पण पोटच्या पोरानं केलेल्या साइटचं नाव काढलं की तोंड फिरवते. आणि ते जुने अंक तिनंच तर ट्रंकेतून काढून दिले होते, एकेकाला फडक्यानं पुसून. तेव्हा केवढी उत्साहात होती. पुढे काय बिनसलं कोण जाणे. हळूहळू मंडळात जाणं थांबलं. त्याच सुमाराला घरातली भजीही बंद झाली. बाबा भज्यांसाठी जीव टाकायचे. आई म्हणायची, तुम्हाला तेल चालत नाही. मग बाबा स्टेशनाजवळच्या टपरीवर जाऊन खायचे आणि मिशा पुसून घरी यायचे. मी कधी काही विचारलं नाही. वयाचं असेल म्हटलं. आई तेव्हा छप्पन्न वर्षांची होती.

शनिवारी दुपारी यशश्री आणि मी दुकानात, म्हणजे ऑफिसात, मोजायला बसलो. दोन्ही लेयरना एकच प्रश्न टाकला, ‘धुवांधार’मधले सगळे लेख दाखव. माझ्यानं अकराशे अठ्ठेचाळीस आणले. तिच्यानं बाराशे अकरा.

मी टेबलावर हात आपटला. खाली वेल्डिंग थांबलं. “त्रेसष्ट जास्त! कुठून आणले?”

“मैंने कुछ एक्स्ट्रा किया नहीं, भैया.” ती भुवया आक्रसून पडद्याकडे बघत होती. “उघडून बघू ना.”

“काय उघडायचं? हे बघ, त्रेसष्टच्या त्रेसष्ट नोंदींत लेखकाचा रकाना कोरा आहे. तुझ्या बाबूनं अडगळ उपसून आणली. माझा बाबू असल्या गोष्टींना हात लावत नाही.”

“तरी एक बार...”

“उद्या. सभेत.” मी कॉम्प्युटर बंद केला. खरं सांगायचं तर मला भीती वाटली की तिला काहीतरी साधं कारण सापडेल आणि माझा विजय हातचा जाईल.

रविवारी सकाळी मंडळाचा हॉल भरला होता. चाळीसेक माणसं होती, कारण सभेनंतर पोहे-जिलेबी होती. मी प्रोजेक्टर लावला, दोन आकडे मोठ्या अक्षरांत दाखवले आणि छाती काढून उभा राहिलो.

“हे माझे अकराशे अठ्ठेचाळीस. आणि हे नव्या लेयरचे बाराशे अकरा. मधली ही त्रेसष्ट भुतं आहेत. यांना लेखक नाही, आगापिछा नाही. चौदा वर्षांत माझ्या साइटवर असलं भूत कधी फिरकलं नाही.”

लोक हसले. यशश्री कोपऱ्यात बसून होती. कुंदाकाकूंनी तीनदा घसा खाकरला. “एखादं भूत उघड पाहू. कसं असतं ते तरी कळू दे.”

मी पहिल्यावर क्लिक केलं. ‘आमच्या शाळेची घंटा’. साल एकाहत्तर. लेखकाचा रकाना कोरा. त्याच्या खाली, टायपिस्टांनी अंकातून जसंच्या तसं उतरवलेलं छापील नाव होतं : बेबी आठवले.

“पाहिलं?” मी म्हणालो. “आता ही बेबी आठवले कोण? सभासदांच्या रजिस्टरात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अशी बाई नाही. हयात नाही, मृतांतही नाही.”

कुंदाकाकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “मी आहे ती,” त्या म्हणाल्या.

हॉलमधल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

“बेबी आठवले म्हणजे मी, विनय. लग्नात कुंदा झाले.”

मी घाईघाईनं दुसरं भूत उघडलं. यामिनी भागवत, साल एकोणसत्तर. तिसऱ्या रांगेतून दातेआजींचा हात वर झाला. शाळेत हजेरी देताना करतात तसा, खांद्याएवढाच. तिसरं उघडलं, तर खिडकीजवळच्या एक बाई म्हणाल्या, “ह्या माझ्या सासूबाई. माहेरच्या नावानं लिहायच्या. मी फक्त ऐकलं होतं.”

आता सगळा उलगडा माझ्या समोर होता आणि प्रोजेक्टरवर असल्यामुळे चाळीस माणसांच्याही. आमच्यात लग्नात मुलीचं आडनावच बदलतं असं नाही, नावही बदलतं. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, सगळे पेढे खातात आणि जुनी मुलगी त्या ताटातच राहते. या बायकांनी लग्नाआधी लिहिलं ते जुन्या नावानं. मंडळाच्या रजिस्टरात त्या आल्या नव्या नावानं. आणि मी २०११ साली माझ्या बाबूला हुकूम दिला होता : लेख काढ, त्याचा लेखक रजिस्टरात शोध, सापडला तर दोघांची जोडी लावून दाखव, नाही सापडला तर लेख तिथेच सोडून दे. मला वाटलं होतं, न सापडणारं नाव म्हणजे टायपिस्टची चूक. एका ओळीचा हुकूम होता. त्या ओळीचा मला अभिमान होता. पुरुषांची नावं काही बदलत नाहीत, त्यामुळे एकाही पुरुषाची एकही कविता गळली नाही.

म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो. एकही नोंद हरवली नव्हती. सगळी जागच्या जागी होती, फक्त चौदा वर्षं कुणाला दाखवली नव्हती.

“पण काकू, तुम्ही कोणीच काही बोलला नाहीत?” मी विचारलं.

“मी शोधलं होतं रे पहिल्याच दिवशी,” कुंदाकाकू म्हणाल्या. “नाही दिसलं. म्हटलं, निवडक घेतले असतील. आपला नसेल तेवढा बरा.”

“मलेही तेच वाटलं,” दातेआजी म्हणाल्या.

“एकमेकींना विचारलं नाही?”

“काय विचारायचं? तुझं घेतलं का, माझं नाही घेतलं, असं?” दातेआजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली पाहिलं.

याच चौदा वर्षांत एका गृहस्थांच्या चारोळीतला अनुस्वार राहिला म्हणून मला तीन फोन आले होते. ते गृहस्थ दुसऱ्या रांगेत होते आणि छताचा पंखा न्याहाळत होते.

यशश्री उठून माझ्याजवळ आली. “भैया, मला पण माहीत नव्हतं,” ती हळू म्हणाली. “मी काही हुशारी नाही केली. इसकी आदत ही ऐसी है, पहले लेख आणतो. लेखक नाही मिळाला तरी आणतो.” तिला मला चिडवायचं असतं तर तीच वेळ होती. तिनं ते केलं नाही म्हणून मला ती त्या दिवसापासून आवडते.

मी यादी खाली सरकवत होतो. हात थांबवता येईना. नावं वर जात होती आणि हॉलमधून कुणीतरी “ही आमची आत्या,” “ही मी,” असं म्हणत होतं. मग एक नाव आलं आणि त्याला सात लेख होते. अनसूया गद्रे, साल त्र्याहत्तर ते सत्याहत्तर.

गद्रे माझ्या मामाचं आडनाव. मामा आईला अजून अनसू म्हणतो. आईचं ज्योती हे नाव बाबांनी तांदळात लिहिलेलं. लग्नाआधी ती काहीबाही लिहायची एवढं मला ठाऊक होतं, जसं कुणाची आई लग्नाआधी सायकल चालवायची असं ठाऊक असतं. मी शेवटचा लेख उघडला. सत्याहत्तरचा. मथळा होता ‘मुलगा पाहायला आला’.

कुंदाकाकूंनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “‘मुलगा फॅक्टरीत आहे. त्यानं खाली मान घालून अकरा भजी खाल्ली. त्याच्या आईनं डोळे वटारले तेव्हा तो थांबला, नाहीतर पुढच्या घाण्याची वाट बघत होता. मग त्यानं मला एकच प्रश्न विचारला : भजी तुम्ही केली का? मी म्हटलं, नाही, मी फक्त मोजली.’”

हॉल खदखदून हसला. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच्या ओळीवर चाळीस माणसं पोट धरून हसत होती. मला मात्र बाबांचा तो खालचा आवाज ऐकू येत होता. सत्याहत्तरचा अंक पाहा जरा. सहा महिने ते हाच लेख शोधत होते. आईनं आपल्यावर लिहिलेला लेख कुठे गेला, असं सरळ विचारायला लाजत होते. मी त्यांना रिफ्रेश करायला लावलं आणि वर म्हणालो, तुम्हाला जमत नाही. अख्ख्या मंडळात माझी चूक ज्या एका माणसानं पकडली, त्याचा मी किस्सा करून ठेवला होता.

“माझा लेयर काढा,” मी म्हणालो. “ठरलं होतं तसं. तळाचं नावही.”

कुंदाकाकूंनी या वेळी घसा खाकरला नाही. “लेयर काढू. नाव राहू दे. आम्ही कुणी तुझं नाव काढा म्हटलं नव्हतं, नावं गाळायची हौस तुलाच.”

मग यशश्री लॅपटॉप घेऊन एका टेबलाशी बसली. तिच्या लेयरमध्ये माणूस एक आणि त्याची नावं कितीही, अशी सोय होती. फक्त कोण कोणाचं ते कुणीतरी सांगायला हवं होतं. बायकांची रांग लागली. ती प्रत्येकीला विचारत होती, “आजी, कौनसा नाम वर ठेवू?” आणि प्रत्येकीला उत्तर द्यायला जरा वेळ लागत होता. पोहे निवून गेले तरी रांग हलेना. दोन-तीन नवरे आपल्या बायकांचे लेख पहिल्यांदाच वाचत कोपऱ्यात उभे होते.

मी घरी आलो. आई गच्चीवर उन्हात मटार सोलत होती. समोर पनागरचे पाच किलो होते, आडत्यानं त्याच्या साइटच्या आनंदात धाडलेले. मी तिच्यासमोर बसलो आणि एक शेंग उचलली.

“गेला का तुझा बाबू?” तिनं विचारलं.

“गेला. आई, तुझे सात लेख...”

“सात आहेत ते माहीत आहे मले.”

“माझ्यामुळे दिसत नव्हते.”

“तेही माहीत आहे.” ती सोलत राहिली. “तू मुद्दाम तर नाही ना गाळले, विनू? चौदा वर्षं झाली, आता सांगून टाक. आवडले नसतील तर नसतील.”

“मी वाचलेच नव्हते, आई. आत्ता वाचला एक. भज्यांचा.”

“मग तुझ्या बाबांनीच सांगितलं असीन. टाकू नको म्हणून. मले पहिल्यापासून तेच वाटून राहिलं होतं. फॅक्टरीतले लोक हसले असते ना त्यांना.”

“त्यांना विचारलं काहून नाही तू?”

“विचारलं असतं आणि हो म्हणाले असते तर?” तिनं दाणे बोटांनी सारखे केले. “त्यापेक्षा मी भजी बंद केली. ते जाईपर्यंत केली नाहीत. आठ वर्षं.”

आता न सांगून चालणार नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. तो फोन, तो खालचा आवाज, सत्याहत्तरचा अंक, सहा महिने दर आठवड्याला, आणि शेवटी मी त्यांना काय म्हणालो तेही. “त्यांनी काढायला नाही लावला, आई. ते शोधत होते.”

आईचे हात थांबले. “आवाज खाली आणून?”

“हो. तू आत असशील.”

“आणि मले एका शब्दानं सांगितलं नाही. घुम्मा माणूस.” तिनं पदर डोळ्यांना लावला आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला. मीही रडलो. पंचेचाळिसाव्या वर्षी गच्चीवर, मटारांसमोर, शेजारचे कपडे वाळत घालत असताना. मला त्याची लाज वाटत नाही. मला लाज वाटते ती रिफ्रेशची.

थोड्या वेळानं ती म्हणाली, “वाच पाहू. ऐकू दे कसा आहे.”

मी मोबाइलवर लेख उघडला आणि वाचून दाखवला. ‘मी फक्त मोजली’ला ती स्वतःच हसली, चष्म्याखालून पुन्हा डोळे पुसत. मग एकदम गंभीर झाली.

“विनू, अकरा नव्हती रे. नऊच खाल्ली होती त्यांनी. दोन मी पदरची टाकली.”

“मग बदलू?”

“छापलेलं बदलत नसतात. खाली टीप टाक. भजी नऊच होती, म्हणून.”

मी टीप लिहिली. “टीपेखाली नाव काय टाकू?”

“अकरा लिहिली ती अनसूया. नऊ सांगून राहिली ती ज्योती.” ती उठली आणि मटारांचं पातेलं उचललं. “दोन्ही टाक. घेते ना तुझा नवा बाबू दोन नावं?”

“घेते.”

“मग झालं तर. मी बेसन भिजवते.”

मी दोन्ही नावं टाकली आणि बटण दाबलं. आईनं जिन्यातून विचारलं, “दिसली का?”

“दिसली,” मी म्हणालो. तरी मी एकदा रिफ्रेश केलं.